मागाच्या खोलीतली सायकल: पावसाळ्यात घरच्या घरी लांबच्या सफरीची तयारी

जूनमध्ये एकदा पाऊस लागला की जांबोटीचा रस्ता मी डोक्यातून काढून टाकतो. खड्डे पाण्याने भरलेले असतात, किती खोल ते कळत नाही. कणकुंबीच्या बाजूला धुकं असं उतरतं की समोरची गाडी अगदी अंगावर आल्यावरच दिसते. त्यात शनिवार-रविवारी धबधबे बघायला निघालेल्या मोटारींची रांग. बेळगावात हा पाहुणा सप्टेंबरपर्यंत हलत नाही, खानापूर तालुक्यात तर विचारूच नका. आणि आपल्याकडच्या लांबच्या सफरी निघतात नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे ज्या महिन्यांत तयारी व्हायची, नेमके तेच पावसात जातात.

मी ते महिने वडगावातल्या आमच्या घरात, जिथे पूर्वी आजोबांचे दोन माग होते त्या खोलीत काढतो. माग कधीच विकले गेले. खाली शहाबादी फरशी आणि भिंतीवर तेलाचे डाग तेवढे उरलेत. गल्लीत अजून दोन-तीन घरांत पॉवरलूम चालतात, त्यामुळे माझ्या ट्रेनरच्या, म्हणजे सायकल एका जागी उभी धरणाऱ्या यंत्राच्या, आवाजाबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पहिल्या वर्षी आजी दारात येऊन पंधरा मिनिटं नुसती बघत उभी राहिली. मग म्हणाली, "कवापास्नं चालवालायस गा, अजून हितंच हाईस की!"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण ते मला कळलं डिसेंबरात. त्या पावसाळ्यात मी रेसवाल्यांचे व्हिडिओ बघून आठवड्यातून चार दिवस जीव तोडून सायकल मारली. वीस-तीस मिनिटं, छाती फुटेस्तोवर. पाय दगडासारखे झाले. मग चोर्ला घाट उतरून गोवा, कारवार, गोकर्ण अशी सफर काढली आणि तिसऱ्या दिवशी अंकोल्याच्या अलीकडे एका रसाच्या गाड्यापाशी उतरलो, तो परत सीटवर बसवेना. पाय अजून शंभर किलोमीटर जायला तयार होते. बूड तयार नव्हतं. डाव्या हाताची करंगळी बधिर झाली होती आणि सकाळचे पोहे पोटात तसेच बसून होते.

तेव्हापासून माझ्या तयारीचं गणित बदललं. लांबच्या सफरीत पाय क्वचितच दगा देतात. दगा देतात बैठक, हात आणि पोट, आणि तोही पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. या तिन्ही गोष्टी घरात, एका जागी उभ्या सायकलवर उत्तम तयार होतात. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलंय. माझं लक्ष्य कन्याकुमारी आहे, किनाऱ्याने हजार किलोमीटरच्या वर. तुमचं पंढरपूर असेल तर आकडे कमी करा, क्रम तोच ठेवा.

यंत्र कोणतं घ्यावं

सर्वांत सोपा म्हणजे मागचं चाक टेकवायचा ट्रेनर. मागचा आस दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला जातो आणि टायर एका लोखंडी रोलरवर घासत फिरतो. अडथळा चुंबकाचा किंवा आत भरलेल्या द्रवाचा असतो. चुंबकाचा स्वस्त पडतो. द्रवाचा आवाज कमी, आणि वेग वाढवाल तसा तो आपोआप जड होत जातो, रस्त्यासारखा. मागचं चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवायचे ट्रेनर महाग असतात. मोजमाप अचूक, टायर झिजत नाही. पण सफरीच्या तयारीसाठी त्यांची गरज आहे असं मला वाटत नाही. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि विजेवर चालणाऱ्या यंत्राचा अडथळा वीज गेली की गेला. साधा चुंबकाचा ट्रेनर अंधारातही चालतो.

तिसरा प्रकार रोलर. तीन ड्रमांची शिडी, तिच्यावर मोकळी सायकल, तोल आपला आपण सांभाळायचा. माझे रोलर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मित्राने लेथवर फिरवून दिले. चार इंची पाइप, दोन्ही टोकांना बेअरिंग, मधल्या आणि पुढच्या ड्रमावर एक गोल पट्टा, म्हणजे मागचं चाक फिरलं की पुढचंही फिरतं. पुढचा ड्रम पुढच्या आसाच्या बरोबर खाली किंवा बोटभर पुढे हवा. तो मागे राहिला की सायकल पुढे उतरून पळते. पहिल्या दिवशी दाराच्या चौकटीला एक हात धरून चालवा. मी धरला नाही आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीवर जाऊन पडलो. रोलरने हात हलका होतो, पायांची चाल गोल होते. पण दोन तासांच्या बैठकीला मी रोलर वापरत नाही, थकल्यावर तोल जातो. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, बस.

जिममधल्या जागेवरच्या सायकलवर तयारी होते का? दमाची होते. पण तिची सीट वेगळी, हँडल वेगळं, आणि आपल्याला नेमकी स्वतःच्या सीटचीच सवय करायची आहे. नाइलाज असेल तरच.

टेकवायचा ट्रेनर घेतलात तर मागचा टायर गुळगुळीत हवा. डोंगरी सायकलचा काटेरी टायर घरघरतो, खोलीभर आवाज घुमतो आणि टायरचाही नाश होतो. रोलरखाली काळा चुरा पडलेला दिसेल, खोडरबराने पाटीभर खोडल्यावर पडतो तसा. तो बोटाने उचलून बघा. आठवड्यात चमचाभर जमत असेल तर रोलर टायरवर नीट आवळलेला नाही आणि चाक घसरतंय. दर वेळी हवा तेवढीच भरायची आणि घुंडी तेवढेच फेरे आवळायची, नाहीतर आजचं सोपं आणि कालचं अवघड यांची तुलनाच होत नाही. त्यासाठी एक जुना टायर वेगळा ठेवावा. मागच्या आसाचा दांडाही ट्रेनरसोबत येणारा लोखंडीच लावावा.

खोलीची मांडणी

पंखा. याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. रस्त्यावर वीसच्या वेगाने जाताना वारा आपोआप मिळतो, घरात तो शून्य. त्यात जुलै-ऑगस्टमधली हवा ओलसर, घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. छताचा पंखा पुरत नाही. उभा किंवा टेबलावरचा पंखा समोरून, छातीच्या उंचीवर, तिरपा लावा. इन्व्हर्टरच्या लाईनवर असेल तर उत्तम.

आमच्या घरात याच खोलीत पावसाळ्याचे कपडे वाळतात. आईचं आणि माझं त्यावरून दरवर्षी होतं. "कपडे वाळवायची एकच खोली, तिथंच येऊन तू घाम गाळालायस व्हय?" तिचं बरोबरच आहे, पण माझंही चुकीचं नाही. ओले कपडे खोलीतला दमटपणा वाढवतात आणि मग घाम अजिबात वाळत नाही. सध्याचा तह असा: सकाळी सहा ते साडेसात खोली माझी, नंतर दोरी तिची.

ट्रेनरखाली रबरी चटई टाका. नसेल तर जुनी गादीपाट चालते. शहाबादी फरशीवर ट्रेनर सरकतो आणि घाम पडला की पाय ठेवायला जागा घसरडी होते. ट्रेनरमुळे मागचं चाक इंच-दीड इंच वर उचललं जातं, तेव्हा पुढच्या चाकाखाली तेवढाच ठोकळा हवा. तो विसरलात तर सायकल सतत उतारावर असल्यासारखी राहते आणि सगळा भार तळहातांवर येतो. बऱ्याच जणांचे हात दुखण्याचं कारण एवढंच असतं.

हँडल आणि वरच्या नळीवर टॉवेल बांधा. मी एक पावसाळा आळस केला. सप्टेंबरात हँडल काढायला गेलो तर ते धरून ठेवणाऱ्या स्टेमचा पुढचा बोल्ट गंजून लालभडक झालेला, ॲलन की (षट्कोनी चावी) लावली तर ती आतच गोल फिरायला लागली. शेवटी ड्रिल मारून बोल्ट काढावा लागला. घामातलं मीठ लोखंडाला पावसापेक्षा वाईट. सायकल उतरल्यावर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायला दोन मिनिटं लागतात.

बैठक

इथे घाई करू नका. ट्रेनरवरची सायकल डुलत नाही. रस्त्यावर ती आपल्याखाली थोडी डावी-उजवी हलते आणि बुडाला तेवढा आराम मिळतो. घरात भार एकाच जागी पडत राहतो. त्यामुळे सीटच्या मापातली चूक रस्त्यावर शंभर किलोमीटरनंतर कळते ती इथे अर्ध्या तासात कळते. हा घरच्या तयारीचा मोठाच फायदा. चूक लवकर सापडते आणि ॲलन की हाताशी असते.

आधी उंची. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर साधारण ७०.६. दोन्ही पेडलांचे दांडे ज्याभोवती फिरतात तो मधला आस ते सीटचा माथा हे अंतर एवढं ठेवून सुरुवात करायची. मग खरी परीक्षा: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. नंतर चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका वाक येतो. चालवताना कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट उंच झाली.

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर ओढताय. मागून दुखला तर सीट वर गेलीय. एका वेळी एकच बदल, तोही तीन-चार मिलिमीटरचा, आणि मग दोन दिवस तसंच चालवायचं. सीटच्या दांड्याला टेपचा तुकडा लावून खूण करून ठेवा, परत जाता आलं पाहिजे.

सीटचं नाक सपाट ठेवा. वर असेल तर पुढचा नाजूक भाग बधिर होतो, खाली असेल तर तुम्ही पुढे घसरता आणि हातांवर भार येतो. पुढून बधिर होणं पुरुषांना लाज वाटून बोलवत नाही, पण ते दुर्लक्ष करायचं लक्षण नव्हे. सीट बदलायची वेळ आली असं समजा. आणि सीट जितकी मऊ तितकी चांगली हा समज डोक्यातून काढा. मऊ गादीत बसायची हाडं रुततात आणि मधल्या मांसावर भार येतो. अर्ध्या तासाला मऊ बरी, सहा तासांना कडक बरी.

दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून वीस-तीस सेकंद चालवा. मोबाईलवर घंटी लावून ठेवा, कारण घरात आपण उभं राहायला विसरतोच. पॅडची चड्डी घालत असाल तर आत दुसरं काही घालायचं नाही. शिवणी घासतात आणि तिथेच फोड येतात. घासणाऱ्या जागी खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली. आणि उतरल्याबरोबर ती चड्डी काढून अंघोळ. घामट चड्डीत चहा पीत पेपर वाचत बसलात तर तिसऱ्या दिवशी गळू आलंच.

हातांच्या दुखण्याकडेही लक्ष ठेवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस दबतेय. हँडल उंच करा, जवळ घ्या, कोपर थोडे वाकलेले ठेवा, पाच मिनिटांना पकड बदला. मनगट मागे मोडून धरायची सवय असेल तर ती घरातच मोडा. समोर आरसा ठेवला तर लगेच दिसतं.

बारा आठवडे

वेग आणि किलोमीटर विसरा. ट्रेनरवरच्या किलोमीटरना अर्थ नाही, फक्त वेळ मोजायची. जोर किती लावायचा हे मोजायला मशीनही नको. माझ्या तीन चाली आहेत. पहिली गप्पांची, म्हणजे सलग वाक्य बोलता येतं. दुसरी तुटक, चार-पाच शब्द झाले की श्वास घ्यावा लागतो. तिसरी "हूं" एवढंच म्हणता येतं ती. हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा असेल तर बांधा, पण २२० मधून वय वजा करून काढलेला आकडा सरासरीचा असतो. तुमचा खरा आकडा त्याहून दहा-पंधराने सहज इकडेतिकडे असू शकतो. सफरीसाठी पहिली चाल मुख्य, दुसरी थोडी, तिसरी जवळपास नाहीच.

पायांची गती मिनिटाला ८० ते ९० फेरे. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. वीस ते बावीस आलं की बरोबर. बहुतेकांची सुरुवात साठ-पासष्टने होते, जड गिअर ओढत. सामान घेऊन रोज सहा तास अशी चाल धरली तर गुडघे बोलायला लागतात.

पहिले तीन आठवडे: मंगळवार, गुरुवार चाळीस मिनिटं, शनिवारी एक तास. सगळं गप्पांच्या चालीने. कंटाळवाणं वाटेल, वाटू दे. या काळात खरं काम मापं जुळवायचं आहे. चौथा आठवडा निम्म्या वेळेचा.

पाचव्यापासून सातव्यापर्यंत मंगळवारी तुटक चालीचे तुकडे: आठ मिनिटं चालवायचं, चार मिनिटं सोडायचं, असे तीन, आणि दर आठवड्याला तुकडा दोन मिनिटांनी वाढवायचा. गुरुवारी चढण. पुढच्या चाकाखाली आणखी एक वीट, गिअर जड, गती पंचावन्न-साठ, बसूनच, चार मिनिटांचे पाच तुकडे, मध्ये तेवढीच विश्रांती. वीट ठेवल्याने अडथळा वाढत नाही, पण चढावर पाठीची आणि कमरेची जी ठेवण होते ती मिळते. गुडघ्यात जराही खुपलं तर गती वाढवा, गिअर सोडा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: ट्रेनरवर सायकलीला सामान बांधून काही उपयोग नाही. सायकल पुढे जातच नाही, तर वजन ओढायचं कशाला? सामानाचा भार हवा असेल तर एक गिअर जड टाका.

आणि मग साखळी. माझ्या सगळ्या तयारीचा कणा हा आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सलग: सुरुवातीला पाऊण तास, दीड तास, एक तास. आठव्या आठवड्यात पुन्हा निम्मं. नवव्या-दहाव्या-अकराव्यात शुक्रवारी एक तास, शनिवारी अडीच, रविवारी दोन. एकाच दिवशी चार तास चालवून सोमवारी लंगडत फिरण्यापेक्षा हे तीन दिवस जास्त शिकवतात. रविवारी सकाळी शनिवारच्या जागीच पुन्हा बसायचं असतं, आणि नेमकं तेच सफरीत रोज करायचं असतं. तिसऱ्या दिवशी कुठे दुखतं ते वहीत लिहा. पायाबद्दल एक ओळ पुरते, बैठक, मान, हात, पोट यांना जास्त जागा ठेवा. अकराव्या आठवड्याची साखळी नव्या फोडाशिवाय आणि बधिरपणाशिवाय पार पडली तर बैठक तयार झाली. बारावा आठवडा हलका.

सोमवारी पूर्ण सुट्टी. बुधवार मोकळा, हवे तर रोलरची ती वीस मिनिटं. गणपती मध्ये येतात तो आठवडा निम्म्या वेळेचाच धरा. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. रात्रभर जागून सकाळी अडीच तास सायकल मारायचा हट्ट धरू नका. मी धरला होता, पाऊण तासात उतरलो.

अडीच तास एका जागी बसणं हे मनाचंही काम आहे. त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाच तुकडे करा आणि प्रत्येकाला काहीतरी काम द्या: एकात फक्त गती सांभाळायची, एकात हँडलची खालची पकड, एकात दर दहा मिनिटांनी खायचं. पडद्यावर रस्ते दाखवणारी ॲपं आहेत, आवडत असतील तर घ्या. मी जुन्या वनडे मॅच लावतो. दीड तासाने एकदाच उतरायचं, पाच मिनिटं, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर उतरतो तसं. आणि परत बसायचं, कारण थंड झालेल्या बुडाने परत बसणं हीसुद्धा सवयच आहे. घरात उतार नसतो, पाय क्षणभरही थांबत नाहीत. म्हणून मी घरचे दोन तास रस्त्यावरच्या अडीच तासांएवढे धरतो. हे माझं माझ्यापुरतं गणित.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब-मधुमेहाची गोळी असणाऱ्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दाटलं, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे वाटले तर त्या क्षणी उतरायचं. "हा तुकडा पूर्ण करतो आणि मग" असं करायचं नाही.

पोटाची तालीम

दीड तासाच्या वर बसणार असाल तर चालवतानाच खायची सवय करा. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि गुळाचा एक खडा, किंवा राजगिऱ्याचे दोन छोटे लाडू. शेंगदाण्याची चिक्की चवीला उत्तम पण तेलकट, पचायला वेळ घेते. ती हळू चालीच्या दिवशी. भडंग हँडलवरून खाता येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय. आणि कुंदा, काय सांगू, तो सायकलवरून उतरल्यावर. भूक लागायच्या आधी, पहिल्या अर्ध्या तासातच पहिला घास घ्या. सफरीत जे खाणार तेच घरात खाऊन बघायचं, म्हणजे कशाने पोट बिघडतं ते आपल्या न्हाणीघराजवळच कळतं.

पाणी किती, हे प्रत्येकाचं वेगळं. ते मोजायला वजनकाटा पुरतो. चालवण्याआधी आणि नंतर अंग कोरडं पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. मधल्या काळात प्यायलेलं पाणी त्या फरकात मिळवा. माझं एका सकाळी तासाभरात ६८.४ चं ६७.६ झालं आणि मी अर्धा लिटर प्यायलो होतो. म्हणजे तासाला घाम १.३ लिटर. सगळा भरून काढायची गरज नसते, पण वजन दीड-दोन टक्क्यांहून जास्त उतरू देऊ नये. उलटं, वजन वाढलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. बाटलीत काय घालावं? एक लिटर पाणी, साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ तसाच अर्धा चमचा, हे जुलाबावरचं घरगुती पाणी सगळ्यांना माहीत आहे. मी त्यात कोकमाचं आगळ घालतो आणि आगळात आधीच मीठ असतं म्हणून वरचं मीठ कमी करतो.

जोर-बैठका

आपल्या भागात गल्लोगल्ली तालमी होत्या, आजही काही टिकून आहेत, तेव्हा व्यायाम शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात. बैठका पंधराच्या तीन फेऱ्या, सावकाश. जोर जमतील तेवढे, कारण हँडलवर शरीर तोलणारे खांदे त्यानेच तयार होतात. कोपरांवर शरीर तोलून अर्धा-एक मिनिट. उताणं झोपून कंबर उचलायचं सेतुबंधासन. पायरीच्या कडेवर चवड्याने वर-खाली. शेवटी एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीचा पुढचा भाग ताणायचा, तो बसून बसून आखडलेला असतो.

घर जे शिकवत नाही

ब्रेक, वळण, वारा, ट्रक, आणि सामानाने जड झालेली सायकल. यातलं काहीही खोलीत कळत नाही. म्हणून ऑक्टोबर लागला की बाहेर पडायचंच. पहिले दोन रविवार येळ्ळूरचा राजहंसगड. शेवटचा चढ लहान पण खडा, सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते तिथे समजतं. मग कित्तूरला जाऊन-येऊन, नव्वद-शंभर किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पाच-पाच किलोची तांदळाची पाकिटं भरून जा. डावी-उजवी बाजू सारखी, जड वस्तू तळाला. पहिल्या वळणावर सायकल आपली नाहीच असं वाटेल.

सामानासह चोर्ला उतरायचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. माथा सुमारे ८०० मीटरवर आहे आणि गोव्यातल्या साखळी गावाला पोचेपर्यंत जवळपास समुद्रसपाटी. ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापतात. वळणाआधी दाबायचे, वळणात सोडायचे, पुढचा-मागचा आलटून पालटून. निम्म्यात एकदा थांबून रिमला हात लावून बघा. चटका बसला तर पाच मिनिटं बसा, माकडं बघा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मी परत मागाच्या खोलीत जातो, आणि या वेळी पंखा बंद करतो. आपण साडेसातशे मीटरवरची, गार हवेत वाढलेली माणसं. खाली किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारी अकरानंतर अंगाची लाही होते. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात: घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, तेवढ्याच जोराला ठोके कमी पडतात. आणि दोन-तीन आठवडे उष्मा मिळाला नाही की ही सवय मोडायला लागते, म्हणून पावसाळ्यात केलेल्याचा उपयोग नाही, निघायच्या तोंडावरच करायचं. रोज पाऊण ते एक तास, दार-खिडकी लावून, गप्पांच्या चालीने, शेजारी दोन बाटल्या. घरात दुसरं कोणीतरी जागं असताना. डोकं हलकं झालं, मळमळलं की पंखा चालू आणि त्या दिवसापुरतं बंद. हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी हा भाग सोडून द्यावा.

निघायच्या चार दिवस आधी सायकल ट्रेनरवरून उतरते. झिजलेला टायर काढून रस्त्याचा चढवायचा. मागच्या आसाचा ट्रेनरवाला दांडा काढून मूळचा बसवायचा, तो विसरला तर काही सायकलींना कॅरिअरची पट्टी अडकते. मागच्या चाकाच्या तारा एकेक चिमटीत धरून बघा. सगळ्या साधारण सारख्या ताठ लागायला हव्यात. सैल लागली तर मेकॅनिककडे. साखळी, ब्रेकचे रबर, स्टेमचे बोल्ट. आणि खोली रिकामी झाली की दोरी परत बांधून द्यायची, नाहीतर पुढच्या जूनला सकाळचे सहा ते साडेसात मिळत नाहीत.